टोल्किन यांचे वाचक, जॅक्सन यांचे चित्रपट

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी केलेले तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ अशा लागोपाठच्या तीन डिसेंबरांत प्रदर्शित झाले, त्यांना मिळून १७ ऑस्कर पुरस्कार मिळाले, त्यांतले ११ तर एकट्या शेवटच्या भागाने पटकावले. आणि तरीही कादंबरीच्या जुन्या वाचकांनी त्या वेळी घेतलेले आक्षेप आजतागायत मिटलेले नाहीत. अशा आक्षेपांची हट्टी चाहत्यांची कुरकुर म्हणून बोळवण करण्याची रीत आहे आणि ती या वाचकांवर अन्याय करणारी आहे. कोणत्या बदलावर ते संतापले, कोणता त्यांनी निमूटपणे मान्य केला आणि कोणत्या बदलाचे मनापासून स्वागत केले, हे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे त्यामागे एक ठाम वाङ्मयीन विचार दिसू लागतो. पुस्तकातला प्रसंग गाळला गेला तर वाचक हळहळतो, पण तो प्रसंग त्याच्या मनात शाबूत राहतो. पात्राचा स्वभाव आणि त्याच्या निर्णयामागचे कारण बदलले गेले तर मात्र त्याच नावाचा दुसराच माणूस पडद्यावर उभा राहतो आणि पहिल्याची जागा बळकावतो.

टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रथम अँग्लो-सॅक्सन म्हणजे जुन्या इंग्रजीचे आणि नंतर इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. नव्या भाषा रचणे हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद होता. एल्फ नावाच्या अमर जमातीसाठी त्यांनी व्याकरणासह भाषा घडवल्या आणि त्या भाषा बोलणाऱ्यांना भूतकाळ हवा म्हणून ‘मिडल-अर्थ’ या कल्पित भूमीचा हजारो वर्षांचा इतिहास लिहून काढला. १९३७ मध्ये मुलांसाठी लिहिलेले ‘द हॉबिट’ गाजल्यावर प्रकाशकाने त्याच्या पुढची गोष्ट मागितली, आणि सुमारे बारा वर्षांच्या लेखनातून जे हाती आले ते मुलांच्या गोष्टीपेक्षा फार मोठे आणि गंभीर होते. ती एकसलग कादंबरी छपाईच्या खर्चामुळे १९५४ आणि १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिचे कथासूत्र थोडक्यात सांगता येते: सॉरॉन या दुष्ट अधिपतीने आपली सत्ता ज्या अंगठीत ओतली आहे ती अंगठी फ्रोडो नावाच्या एका साध्यासुध्या हॉबिटकडे येते. हॉबिट म्हणजे शायर या खेडवळ प्रदेशात शेती-बागायत करून सुखाने राहणारी ठेंगणी माणसे. ही अंगठी जो वापरील त्याला ती आतून पोखरते, त्यामुळे तिचा वापर करून शत्रूला हरवण्याचा मार्ग बंद आहे. शत्रूच्याच मुलखातील अग्निपर्वतापर्यंत चालत जाऊन तिथे ती टाकून देणे, एवढा एकच उपाय उरतो. सत्ता मिळवण्याऐवजी सत्ता टाकून देण्यासाठी केलेला प्रवास, हा या कादंबरीचा गाभा आहे. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेत ही कादंबरी स्वस्त आवृत्तीत निघाली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती पडली, तेव्हापासून तिच्याभोवती वाचकांचा जो समुदाय जमत गेला त्याला ‘फॅन्डम’ म्हणतात. हा शब्द नुसत्या आवडीसाठी वापरला जात नाही. आवडत्या कलाकृतीचा एकत्र येऊन अभ्यास करणारा, तिच्यावर नियतकालिके काढणारा, संमेलने भरवणारा समाज त्यातून सुचवला जातो. ब्रिटनमधील टोल्किन सोसायटी १९६९ मध्ये स्थापन झाली. कादंबरीच्या शेवटी वंशावळी, कालगणना, लिप्या आणि उच्चारांचे नियम देणारी परिशिष्टे आहेत. या समुदायात ती परिशिष्टेही कथेइतक्याच गांभीर्याने वाचली जातात. लेखकाने स्वतः लिहून प्रमाण ठरवलेल्या मजकुराला तिथे ‘कॅनन’ म्हणतात, आणि रूपांतरात त्या मजकुराला धक्का लागू नये असे मानणाऱ्यांना ‘प्युरिस्ट’, म्हणजे शुद्धतावादी. जॅक्सन यांच्या चित्रपटांवरचा वाद प्रामुख्याने या शुद्धतावाद्यांनी उभा केला असे समजले जाते, पण त्यांनी मांडलेला मुद्दा खुद्द लेखकाचाच होता.

१९५७ मध्ये अमेरिकेतील काही मंडळींनी या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट काढण्याचा प्रस्ताव टोल्किन यांच्यासमोर ठेवला होता. अशा प्रस्तावांकडे पाहण्याचे त्यांचे धोरण रोखठोक होते: एक तर भरपूर पैसा मिळावा, नाहीतर आक्षेपार्ह गोष्ट थांबवण्याचा लेखकाचा अधिकार पूर्ण असावा. मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी तयार केलेला कथेचा आराखडा त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी १९५८ मध्ये त्यावर लांबलचक, मुद्देसूद आणि बरेचसे संतप्त टिपण लिहिले. आराखड्यात गरुड वाटेल तेव्हा प्रवासाचे वाहन म्हणून येत होते, आणि एल्फ लोकांच्या प्रवासातील पावाला, ‘लेम्बास’ला, एखाद्या कारखान्यात बनवलेल्या सत्त्वयुक्त खाद्याचे रूप आले होते. वेदरटॉप या टेकडीवर सॉरॉनचे काळे स्वार फ्रोडोवर चालून येतात त्या प्रसंगी तलवारी आणि किंकाळ्या घातलेल्या पाहून टोल्किन विशेष चिडले, कारण त्या स्वारांचे सामर्थ्य शस्त्रांत नसून अंधारात ते मनात जी भीती उत्पन्न करतात तिच्यात आहे, हे पटकथाकाराला उमगलेच नव्हते. निवड करून कथा लहान करायला त्यांची हरकत नव्हती. सगळेच प्रसंग कोंबून त्यांचा अर्थ चेंगरायला होती. एन्ट म्हणजे चालते-बोलते वृक्षरक्षक, आणि हेल्म्स डीप येथील किल्ल्याची लढाई, या दोहोंना पुरेशी जागा देता येत नसेल तर एक पूर्णपणे गाळावे, आणि गाळायचे तर लढाई गाळावी, असे त्यांनी स्वतःहून सुचवले. जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटात हीच लढाई सर्वांत मोठा भाग व्यापून बसली, यावरून दोघांच्या दृष्टीतील अंतर ध्यानात येते.

तो अ‍ॅनिमेशनपट निघाला नाही. १९७८ मध्ये राल्फ बक्षी यांचा निघाला, पण तो जवळपास अर्ध्या कथेवर थांबला आणि स्टुडिओने शीर्षकात ‘भाग पहिला’ असे लिहू दिले नाही, त्यामुळे पूर्ण कथेच्या अपेक्षेने गेलेल्या प्रेक्षकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. दुसरा भाग आलाच नाही. याउलट १९८१ मध्ये बीबीसीने अर्ध्या तासाच्या २६ भागांत प्रसारित केलेले नभोनाट्य वाचकांना इतके भावले की ते आजही आवडीने ऐकले जाते. या नभोनाट्यातही बरेच गाळलेले होते, त्यात टॉम बॉम्बाडिल हे पात्र नव्हते, पण जे होते ते मूळच्या सुरात होते. त्यात फ्रोडोला आवाज देणारे नट इयान होल्म यांनाच पुढे जॅक्सन यांनी फ्रोडोच्या वृद्ध नातलगाची, बिल्बोची, भूमिका दिली, ही जुन्या श्रोत्यांना सुखावणारी निवड होती.

जॅक्सन यांचे नाव १९९८ मध्ये जाहीर झाले तेव्हा वाचकांत आनंदापेक्षा धास्ती अधिक होती, कारण तोवर ते मुख्यतः रक्तबंबाळ भयपटांचे दिग्दर्शक म्हणून ओळखले जात. ही धास्ती ओसरू लागली ती त्यांनी निवडलेल्या माणसांमुळे आणि कामाच्या पद्धतीमुळे. अ‍ॅलन ली आणि जॉन हाउ या दोन चित्रकारांनी टोल्किन यांच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रे वाचकांच्या घरात अनेक वर्षे होती. त्या दोघांना न्यूझीलंडला बोलावून चित्रपटातील नगरे, बुरूज आणि दरवाजे त्यांच्याकडून रेखाटून घेण्यात आले. माटामाटा गावाजवळच्या एका मेंढपाळी शेतावर हॉबिट लोकांची वस्ती उभारली गेली आणि चित्रीकरणाच्या सुमारे वर्षभर आधी तिथे भाजीपाला व फुलझाडे लावून ठेवली, म्हणजे कॅमेरा येईपर्यंत बागा खरोखर नांदत्या दिसाव्यात. सैनिकांची चिलखते हलकी हवीत म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून त्यांच्या कड्या हाताने एकेक जोडण्यात आल्या. एल्फ पात्रांच्या तोंडी टोल्किन यांनी रचलेल्या भाषांतील संवाद आले आणि त्यासाठी या भाषांचा अभ्यासक नेमला गेला. आपण ज्या तपशिलांवर जीव टाकला त्यांवर कुणीतरी तेवढाच जीव टाकतो आहे, अशी खात्री पटल्यामुळेच वाचकांनी पहिला चित्रपट उदार मनाने पाहिला. १ डिसेंबर २००३ रोजी तिसऱ्या भागाच्या पहिल्या खेळासाठी वेलिंग्टनच्या रस्त्यांवर लाखभर माणसे लोटली होती.

गाळलेल्या गोष्टींत पहिले नाव टॉम बॉम्बाडिलचे येते. निळा कोट आणि पिवळे बूट घातलेला, सतत गाणारा हा अरण्यवासी फ्रोडोच्या प्रवासाच्या आरंभी भेटतो; अंगठीचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि तो नेमका कोण आहे हे टोल्किन यांनी मुद्दाम गूढ ठेवले आहे. त्याच्यामुळे मुख्य कथा पुढे सरकत नाही, हे जॅक्सन यांचे कारण बहुतेकांनी मान्य केले आणि आक्षेप हळहळीच्या पातळीवरच राहिला. तरी जाणकार वाचकांनी इथे एक सूक्ष्म गोष्ट दाखवून दिली. बॉम्बाडिलबरोबर प्राचीन थडग्यांचा प्रसंगही गेला, आणि त्या थडग्यांतून हॉबिटांना मिळालेले खंजीरही गेले. हे खंजीर विच-किंग, म्हणजे काळ्या स्वारांचा म्होरक्या, याच्याशी लढताना नामशेष झालेल्या एका राज्याच्या लोहारांनी त्याच्याचसाठी घडवलेले होते. पुढे रणांगणावर मेरी हा छोटा हॉबिट त्याच विच-किंगच्या गुडघ्यात असा खंजीर भोसकतो तेव्हा शतकांपूर्वी मेलेल्या लोहाराच्या श्रमांचे चीज होते. चित्रपटात ही शस्त्रे प्रवासातील मानव सोबती अ‍ॅरागॉर्न सहजपणे हॉबिटांच्या हाती देतो, त्यामुळे मेरीचा वार शौर्याचा राहतो, पण त्यामागचा इतिहास नाहीसा होतो. गाळण्याचीही किंमत असते, ती अशी आडवाटेने द्यावी लागते.

आर्वेनबाबतचा वाद वेगळ्या स्वरूपाचा होता. एल्फ अधिपती एल्रॉन्डची ही कन्या आणि अ‍ॅरागॉर्न यांची प्रेमकथा टोल्किन यांनी परिशिष्टात ठेवली. मुख्य कथेत ती जवळजवळ बोलतच नाही. पहिल्या चित्रपटात जखमी फ्रोडोला नदीपार सुखरूप पोचवण्याचे काम पुस्तकातल्या ग्लोरफिन्डेलकडून तिच्याकडे आले आणि त्यावर कुरबुर झाली, पण दुसऱ्या चित्रपटात ती हेल्म्स डीपच्या लढाईत तलवार घेऊन उतरणार असल्याची बातमी फुटली तेव्हा वाचक खवळले. न्यूझीलंडमध्येच चित्रित झालेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेतील ‘झीना’ या लढवय्या नायिकेवरून त्यांनी ‘झीनार्वेन’ असे नाव पाडले. आर्वेनची लढाईतील दृश्ये चित्रित झालेली होती, पण अंतिम चित्रपटातून ती काढून टाकण्यात आली आणि तिची कथा पुन्हा परिशिष्टाच्या, म्हणजे मर्त्य माणसासाठी अमरत्व सोडण्याच्या दुःखाच्या, दिशेने वळली. लढणारी स्त्री वाचकांना खुपत होती असे यातून काढता येत नाही, कारण पुरुषवेषात रणात उतरून विच-किंगला मारणारी एओविन ही त्यांची फार आवडती नायिका आहे. आर्वेनचे सामर्थ्य कशात आहे, याचा विसर पडू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते.

सर्वांत खोल जखम फॅरामिरने केली. गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा हा धाकटा मुलगा. थोरला बोरोमिर अंगठीच्या मोहाने फ्रोडोवर हात टाकतो आणि नंतर पश्चात्तापाने लढत मरतो. पुस्तकात इथिलियनच्या रानात, धबधब्यामागे लपलेल्या गुहेत, फॅरामिर फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांची चौकशी करतो. तो प्रश्न विचारतो ते शांतपणे, पण त्यातला एकही सैल नसतो. आणि जेवणानंतरच्या गप्पांत सॅमच्या तोंडून अंगठीचा उल्लेख निसटतो. दोन हॉबिट, सभोवार सैनिक, दारात धबधबा, आणि समोर राज्याला वाचवू शकेल असे अस्त्र, अशा क्षणी फॅरामिर सांगतो की अशी वस्तू रस्त्यावर पडलेली दिसली तरी तो ती उचलणार नाही. तो शब्द पाळतो, शिधा देऊन दोघांना वाटेला लावतो. चित्रपटात मात्र तो अंगठी बापाकडे पोचवण्याच्या विचाराने त्यांना बांधून ऑस्गिलियथ या उद्ध्वस्त नगरात ओढत नेतो आणि तिथे, बऱ्याच उशिरा, त्याचे मन पालटते.

पटकथा जॅक्सन यांच्यासह फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयेन्स यांनी लिहिली होती आणि त्यांनी आपली कारणे मोकळेपणाने सांगितली. जी अंगठी सर्वांना वेड लावते ती एका माणसासमोर निष्प्रभ ठरली तर प्रेक्षकाची तिच्याविषयीची भीतीच संपेल. शिवाय शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्या भागात फ्रोडोच्या वाटेवर संघर्ष उरला नव्हता. नाट्याच्या हिशेबाने ही कारणे खोटी नाहीत. तरीही वाचकांची बाजू अधिक भक्कम आहे. दोन भाऊ, एकच परीक्षा आणि दोन निराळे निकाल, अशी टोल्किन यांची रचना होती. मोह नाकारू शकणारी माणसे पराभवाच्या काठावर उभ्या असलेल्या राज्यातही असतात, हे फॅरामिरमुळे सिद्ध होत होते. आपल्या पात्रांपैकी कुणी आपल्यासारखे असेलच तर ते फॅरामिर, असे टोल्किन यांनी एका पत्रात लिहिले आहे आणि प्रचंड लाटेखाली भूमी बुडण्याचे स्वतःला वारंवार पडणारे स्वप्नही त्यांनी त्यालाच दिले होते. तिसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत, म्हणजे चित्रपटगृहांसाठी कापलेली दृश्ये पुन्हा जोडून घरी पाहण्यासाठी काढलेल्या आवृत्तीत, ते स्वप्न एओविनकडे गेले. दुसऱ्या चित्रपटाच्या अशाच आवृत्तीत फॅरामिर, बोरोमिर आणि त्यांच्या वडिलांचा एक जुना प्रसंग घातला गेला आणि त्यामुळे फॅरामिरचे वागणे थोडे समजून घेता येते, पण मूळचा माणूस परत येत नाही.

शुद्धतावादी प्रत्येक बदलाला विरोध करतात हा समज खोडण्यासाठी बोरोमिरचेच उदाहरण पुरेसे आहे. त्याचे मरण पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या आरंभी येते. जॅक्सन यांनी ते पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणले, अ‍ॅरागॉर्नशी त्याचे अखेरचे बोलणे वाढवले, हॉबिटांना तो तलवार चालवायला शिकवतो असे दृश्य नव्याने लिहिले, आणि अभिनेते शॉन बीन यांनी त्यात प्राण ओतला. क्रम मोडला, संवाद नवे आले, पण स्वभाव तोच राहून अधिक उजळला, आणि अनेक कडव्या वाचकांनीही या बोरोमिरला दाद दिली. गॉलमचेही तसेच. अंगठीने शेकडो वर्षे पिळून काढलेला हा जीव अँडी सर्किस यांच्या हालचाली आणि चेहऱ्यावरचे भाव टिपून संगणकाने साकारला, या तंत्राला ‘मोशन कॅप्चर’ म्हणतात. त्याचा स्वतःशीच चाललेला वाद पाहताना पुस्तकाशी तुलना करण्याची गरज वाचकांना फारशी भासली नाही.

तिसऱ्या चित्रपटाने मात्र पुन्हा ठेच लागली. मॉर्डोर या शत्रूच्या मुलखाच्या चढणीवर गॉलमच्या कारस्थानाला बळी पडून फ्रोडो सॅमला हाकलून देतो, असा प्रसंग पुस्तकात नाही आणि असू शकत नाही, कारण सॅमची अखंड सोबत हाच तिथे फ्रोडोचा शेवटचा आधार आहे. अग्निपर्वताच्या तोंडाशी झालेला बदल त्याहून गंभीर आहे. पुस्तकात फ्रोडो शेवटच्या पावलावर हरतो, अंगठी आपली असल्याचे जाहीर करतो. गॉलम त्याचे बोट तोडून ती मिळवतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन कड्यावरून पडतो. गॉलमला ठार करण्याची संधी बिल्बो, फ्रोडो आणि अखेरीस सॅम यांनी वेळोवेळी सोडली नसती तर हे घडलेच नसते. फ्रोडोचे यश त्याच्या बळाने आले नाही, आधी दाखवलेल्या दयेने आले, असे टोल्किन यांनी वाचकांना पाठवलेल्या पत्रांत समजावून सांगितले आहे. चित्रपटकर्त्यांनी आधी फ्रोडो गॉलमला ढकलतो असे चित्रित केले, तो सरळ खून वाटतो म्हणून ते रद्द केले, आणि शेवटी दोघांची झटापट होऊन दोघेही कड्यावरून कोसळतात असे दाखवले. ही झटापट पाहणाऱ्याला खिळवते, पण दयेचा तो लांबवर पसरलेला धागा तिच्यात दिसेनासा होतो.

शायरची कथा गाळली गेली ती याच भागात, आणि गाळणे हे बदलण्याइतके जड होते ते बहुधा इथेच. पुस्तकात चौघे हॉबिट विजयी होऊन घरी येतात तर शायर ओळखू येत नाही: झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर आणि घाण ओकणारी नवी गिरणी, गुंडांचे राज्य, आणि या सगळ्याच्या मुळाशी पदच्युत झालेला मांत्रिक सारुमान. गावकऱ्यांना उठवून त्यांना स्वतःचे घर पुन्हा जिंकावे लागते. १९१६ मध्ये सॉमच्या रणभूमीवर लढलेल्या आणि पहिल्या महायुद्धात जवळचे मित्र गमावलेल्या टोल्किन यांनी हा भाग सुरुवातीपासून योजलेला असल्याचे प्रस्तावनेत नोंदवले आहे. चित्रपटात शायर जसेच्या तसे हिरवेगार आहे. परत आलेले चौघे गावच्या मद्यालयात बसतात, भोवतालचे लोक कुणाच्या तरी मोठ्या भोपळ्याचे कौतुक करण्यात गुंग असतात, आणि चौघे एकमेकांकडे पाहून न बोलता पेले उंचावतात. हे दृश्य उत्तम आहे हे प्रांजळपणे मान्य करावे लागते. युद्धावरून आलेल्याचे अनुभव घरच्यांना कळत नाहीत, हे सत्य त्यात आहे. पण युद्ध घराचा उंबरठाही सोडत नाही, हे कठोर सत्य त्यात नाही, आणि पुस्तकाच्या वाचकांना तेच हवे होते.

सारुमानचा शेवटही चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीतून कापला गेला. ही भूमिका करणारे क्रिस्टोफर ली हे कलाकारांपैकी टोल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेले एकमेव होते. ते नाराज झाले, पहिल्या खेळाला गेले नाहीत, आणि दृश्य परत घ्यावे म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली. २००४ मध्ये आलेल्या विस्तारित आवृत्तीत ते परतले. तिसऱ्या भागाची अशी आवृत्ती चार तासांहून मोठी आहे, आणि अनेक वाचक तिलाच खरा चित्रपट मानतात. विस्तारित आवृत्त्यांच्या शेवटी अधिकृत चाहता मंडळाच्या सभासदांची नावे येतात, पहिल्या भागात ही यादी सुमारे वीस मिनिटे चालते. पहिल्या चित्रपटात एल्रॉन्डच्या सभेत काही क्षण दिसलेल्या एका अनामिक एल्फवर चाहते इतके लुब्ध झाले की त्यांनी त्याला ‘फिगविट’ असे नाव दिले, आणि निव्वळ त्यांच्या आनंदासाठी जॅक्सन यांनी तिसऱ्या भागात त्याला बोलायला वाक्ये दिली. चाहते आणि चित्रपटकर्ते यांच्यात अशी देवघेव चालू होती म्हणूनच वाद एवढा जिवंत राहिला.

टोल्किन यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी वडिलांची अप्रकाशित हस्तलिखिते संपादित करण्यात आयुष्य वेचले होते. २०१२ मध्ये फ्रेंच वृत्तपत्र ‘ल माँद’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी या चित्रपटांनी पुस्तकाचे आतडे काढून त्याचा तरुणांसाठी मारधाडपट केला, अशा आशयाची टीका केली. ती वेदना समजण्यासारखी असली तरी पुरती न्याय्य नाही, कारण याच चित्रपटांनी फार मोठी नवी पिढी पुस्तकाकडे नेली. तिसऱ्या भागाच्या वेळी ब्रिटनमधील मार्टिन बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २० देशांतील संशोधकांसह प्रेक्षकांची पाहणी केली आणि सुमारे २५,००० प्रश्नावल्या गोळा केल्या. एखाद्या चित्रपटाच्या प्रेक्षकांचा एवढा व्यापक अभ्यास तोवर क्वचितच झाला होता, आणि तो याच चित्रपटांचा व्हावा यातच त्यांचे वजन दिसते.

पुढे जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’वर २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट काढले आणि जुना वाद उलटा होऊन समोर आला. सुमारे तीनशे पानांच्या बालकादंबरीचे जवळजवळ आठ तास झाले. काही गाळल्याची तक्रार कुणी करू शकत नव्हते, तक्रार होती ती भर घातल्याची. टोरियल ही नवी एल्फ योद्धी आली, किली या ड्वार्फशी, म्हणजे खाणीत राबणाऱ्या बुटक्या जमातीतील तरुणाशी, तिचे प्रेम जुळले, आणि पुस्तकात नसलेला एल्फ लेगोलस त्यांच्यामध्ये उभा राहिला. मूळ पुस्तकात उल्लेखनीय स्त्रीपात्रच नसल्यामुळे टोरियलचे येणे काहींना आवडले, पण प्रेमत्रिकोण बहुतेकांना उपरा वाटला. २०१५ च्या आरंभी एका चाहत्याने तिन्ही चित्रपट कापून सुमारे चार तासांचा एकच चित्रपट केला आणि त्यातून तो त्रिकोण वगळला. अशा आवृत्तीला ‘फॅन एडिट’ म्हणतात. बिल्बो बॅगिन्स ही कथेची मुख्य व्यक्ती आहे हे त्या कापाकापीनंतर पुन्हा स्पष्ट दिसू लागले. वाचकांच्या आक्षेपात किती तथ्य आहे हे दाखवणारा याहून सरळ पुरावा शोधून सापडणार नाही.

२०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आली तेव्हा तिचे मोजमाप पुस्तकाबरोबर जॅक्सन यांच्या चित्रपटांनीही होऊ लागले. ज्यांना एकेकाळी पुस्तकाचे मारेकरी म्हटले गेले तेच वीस वर्षांत प्रमाण ठरले. मालिकेवरचे काही आक्षेप गंभीर होते, विशेषतः हजारो वर्षांचा इतिहास काही थोड्या काळात दाबून बसवल्याबद्दलचा. पण त्याच वेळी एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिटांच्या पूर्वजांच्या भूमिका कृष्णवर्णीय कलाकारांनी केल्या म्हणून त्यांच्यावर गलिच्छ हल्ले झाले, आणि ते करणाऱ्यांनी पुस्तकनिष्ठेचे नाव पुढे केले. फॅरामिरसाठी भांडणाऱ्या वाचकाशी या लोकांचे काही नाते जोडणे चुकीचे आहे. एक जण पात्राच्या अंतःकरणाबद्दल बोलत होता, दुसऱ्याला नटाच्या कातडीपलीकडे काही दिसतच नव्हते. जॅक्सन यांच्या चित्रपटांतील चारही हॉबिट कलाकारांनी त्या वेळी वेगवेगळ्या वर्णांचे कान छापलेले कपडे घालून, त्यावर एल्फ लिपीत सर्वांचे स्वागत लिहून, नव्या कलाकारांना जाहीर पाठिंबा दिला.

अँडी सर्किस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द हंट फॉर गॉलम’ हा नवा चित्रपट २०२४ मध्ये जाहीर झाला आहे आणि त्याच्या निर्मात्यांत जॅक्सन, वॉल्श आणि बॉयेन्स हे तिघेही आहेत. अ‍ॅरागॉर्नने गॉलमचा घेतलेला शोध पुस्तकात मांत्रिक गँडाल्फ आणि स्वतः अ‍ॅरागॉर्न यांच्या तोंडून थोडक्यात कळतो आणि परिशिष्टांत त्याच्या मोजक्याच नोंदी आहेत, त्यामुळे इथे गाळण्यासारखे जवळजवळ काही नाही आणि बहुतेक सगळेच नव्याने लिहावे लागणार आहे. वाचकांची नजर राहील ती गॉलमला पकडल्यावर अ‍ॅरागॉर्न त्याच्याशी कसा वागतो यावर: पुस्तकात तो कठोर आहे, त्याला दोरी बांधून, उपाशी ठेवून पुढे चालवत नेतो, पण मारत नाही.